हैदराबादच्या झोपडीतली आर्ची

कथेतलं प्रेम : भाग सहावा

मागच्या भागात आपण मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'पाशी (२००४) थांबलो होतो. ती कादंबरी मुकुंद जोशी स्वतः सांगतो. शिरोडकर कोणत्या रस्त्याने येते, कुणाबरोबर हसते, हे त्याला पाठ आहे. तिच्या मनात काय चाललंय हे मात्र त्याला फारसं कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. 'फँड्री' चित्रपटात (२०१३) हे अंतर आणखी वाढतं. जब्या शालूसाठी काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, आणि शालूशी त्याचं धड बोलणंही होत नाही. दोन्ही पोरांची ओढ खरी आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण तिथे एकच माणूस जगत असतो, दुसरं नुसतं दिसत असतं. त्या ओढीला प्रेम म्हणायची घाई लेखकानेही केलेली नाही आणि दिग्दर्शकानेही.

तेव्हा कथेतली कुठलीही जोडी पारखताना मी आधी हे बघते, की समोरच्या माणसाला स्वतःची मर्जी, स्वतःचं काम, स्वतःचा राग आहे का? आणि तो राग दिसल्यावर प्रेम करणारा काय करतो?

या प्रश्नाचं सगळ्यात खडतर उत्तर 'सैराट'च्या उत्तरार्धात आहे. एप्रिल २०१६ मध्ये नागराज मंजुळेंचा हा चित्रपट आला तेव्हा नवी मुंबईतही पोरं गाण्यांवर थिएटरात नाचत होती. मध्यंतरानंतर मात्र 'आता जरा रटाळ झालं' असं पुष्कळांनी म्हटलं. मला नेमकं उलट वाटतं. पूर्वार्धात परश्या आर्चीला पाहत असतो. विहीर, ऊस, बुलेट, ट्रॅक्टर या सगळ्यात ती त्याला दिसते, आणि तिच्या दिसण्यानेच त्याचं जग उजळतं. आर्ची पहिल्यापासून धीट आहे, स्वतःचं ठरवणारी आहे, हे खरं. पण तिच्या त्या धिटाईचा त्याला अजून त्रास व्हायचा असतो. भुरळ पडलेल्या माणसाला समोरच्याचे गुण आवडतात, कारण त्या गुणांची किंमत त्याला अजून मोजावी लागलेली नसते.

मग दोघं घरातून पळतात आणि हैदराबाद येतं. वाड्यात वाढलेली मुलगी झोपडीत येते. तिथला वास तिला सहन होत नाही, स्वयंपाक येत नाही, आईची आठवण आली की ती रडते. तिथे भेटलेल्या सुमनअक्काच्या आधाराने दोघं कसेबसे उभे राहतात. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो, आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते. ती तिथे रुळते, चार माणसांत बोलायला लागते, आणि नेमकं तेच परश्याला खुपतं. संशय, भांडण, आणि मग तो तिच्यावर हात उगारतो.

इथे थोडं थांबायला हवं. त्या मारहाणीचं समर्थन करणारे 'जिथे प्रेम तिथे राग' म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. हात उगारणारा परश्या त्या क्षणी आर्चीवर प्रेम करत नसतो. पूर्वार्धात पाहिलेल्या मुलीवर, 'आपल्या' मुलीवर, तो हक्क सांगत असतो. आर्ची सामान घेऊन गाडीत बसते, आणि तो जीव द्यायला निघतो. हेही भुरळीचंच दुसरं टोक, कारण त्यातही तिच्या मर्जीला जागा नाही. १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात एका मुलीला 'एकतर्फी प्रेमा'तून जाळून मारलं गेलं. वर्तमानपत्रं आजही अशा बातम्यांत तोच शब्द छापतात. नकार ऐकूच न येणाऱ्या माणसाच्या हातून जे घडतं, त्याला प्रेम हे नाव आपण तरी देऊ नये.

आर्ची परत येते. पण माझ्या लेखी तिचं परत येणंही पुरावा नाही. परत येणं भीतीपोटी असू शकतं, किंवा माघारी जायला वाटच नसल्यामुळेही. पुरावा त्यानंतरच्या, जवळजवळ बिनसंवादाच्या दृश्यांत आहे. दोघं रजिस्टर लग्न करतात. मूल होतं. आर्चीचं काम सुटत नाही. ती स्कूटरवरून ये-जा करते आणि परश्याला त्यात वावगं वाटत नाही. ज्या स्वतंत्रपणावर तो चवताळला होता, त्याच्यावरच आता संसार उभा आहे. त्याला ती आहे तशी दिसायला लागली आहे. मंजुळेंनी हे एकाही गाण्याशिवाय दाखवलं, आणि म्हणूनच ते अनेकांच्या नजरेतून निसटलं.

नवी मुंबईच्या वाचकांना हा भाग वेगळा समजावून सांगायची गरज नसावी. कोपरखैरणे, घणसोली, नेरूळच्या सिडकोच्या घरांत सातारा, सांगली, सोलापूरकडून आलेली किती जोडपी अशीच उभी राहिली. तुर्भ्याच्या बाजारात माथाडीचं काम, एका खोलीचा संसार, पाठीशी सासर ना माहेर. वाशीच्या मिनी सीशोअरवर संध्याकाळी बसलेल्या पोरापोरींना प्रेम म्हणजे काय असं विचारलं, तर ती 'सैराट'चा पूर्वार्ध सांगतील. उत्तरार्ध त्यांच्या आईबापांना ठाऊक असतो, फक्त त्याला प्रेम म्हणायची त्या घरांत रीत नसते.

वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. तिथेही धनुष्य मोडण्यात रामाचं बळ सिद्ध झालं. त्या दोघांचं नातं कसाला लागलं ते पुढे वनवासात.

शेवटी 'सैराट'च्या अखेरच्या दृश्यातल्या त्या रक्ताच्या पावलांबद्दल. 'त्यांनी प्रेमासाठी जीव दिला' असं 'सैराट'बद्दल सर्रास बोललं जातं. त्यांनी जीव दिला नाही, त्यांचा खून झाला. त्या खुनातून मारणाऱ्यांची जात, इभ्रत आणि क्रौर्य कळतं. आर्ची-परश्याच्या प्रेमाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. प्रेमिकांना मारल्यावरच त्यांचं प्रेम खरं ठरवायची सवय आपल्याला कथांनी लावली आहे, आणि ही दोघं न मरता म्हातारी झाली असती तरी त्यांचं प्रेम तेवढंच खरं असतं.

पुढच्या भागात खाडिलकरांचं 'मानापमान' (१९११) : ज्याला गरीब म्हणून झिडकारलं, त्या धैर्यधराला भामिनी वेश पालटून जवळून पाहते तेव्हा काय होतं.