चालत्या वाळूवरचे गोल्फ मैदान

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, ॲबरडीन शहराच्या उत्तरेस बॅलमेडी गावाजवळ, फोव्हेरन लिंक्स नावाचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे. ‘लिंक्स’ हा मूळचा स्कॉट शब्द असून समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या, खुरट्या गवताने झाकलेल्या वाळवट जमिनीला तो लावला जातो. गोल्फचा खेळ अशाच जमिनीवर वाढला, म्हणून किनाऱ्यावरच्या गोल्फ मैदानांनाही पुढे तेच नाव पडले. याच पट्ट्याच्या दक्षिण भागात डोनाल्ड ट्रम्प यांनी 2006 मध्ये मेनी ही मालमत्ता खरेदी करून गोल्फ संकुलाची योजना जाहीर केली आणि तेथील रहिवाशांचा दीर्घ लढा सुरू झाला.

फोव्हेरनच्या टेकड्यांचे महत्त्व त्यांच्या अस्थिरतेत होते. कोकणच्या किनाऱ्यावर मर्यादवेल जशी वाळूवर पसरून तिला धरून ठेवते, तसे काम युरोपच्या किनाऱ्यावर मॅरम नावाचे चिवट गवत करते. परंतु फोव्हेरनच्या मोठ्या भागात हे गवत रुजलेले नव्हते, त्यामुळे वाऱ्याबरोबर वाळूचा अवघा थर सरकत जाई, त्याच्या मागे उघड्या पडलेल्या सखल जागी पाणी झिरपून ओलसर खळगे तयार होत आणि त्यांत निरनिराळ्या वनस्पती टप्प्याटप्प्याने वस्ती करीत. ही प्रक्रिया डोळ्यांदेखत घडताना पाहता येईल अशा जागा ब्रिटनमध्ये थोड्याच असल्यामुळे या पट्ट्याला ‘विशेष शास्त्रीय महत्त्वाचे स्थळ’ हा कायदेशीर दर्जा देण्यात आला होता. गोल्फच्या मैदानाला मात्र जागच्या जागी राहणारी जमीन लागते. पक्ष्यांसाठी पर्यायी अधिवास तयार करता येतो, झाडे दुसरीकडे लावता येतात, निदान तसे सांगता तरी येते. पण जिचे मोल चालण्यात आहे ती वाळू गवत लावून थोपवली, तर भरपाई कशाने करायची, या प्रश्नाला योजनेकडे उत्तर नव्हते.

प्रस्ताव मात्र भव्य होता: 1 अब्ज पौंडांची गुंतवणूक, दोन मैदाने, 450 खोल्यांचे हॉटेल, 950 सुट्टीतील घरे, 500 निवासी घरे आणि सुमारे 6000 रोजगार. ॲबरडीनशायर परिषदेच्या संबंधित समितीत नोव्हेंबर 2007 मध्ये मते समसमान पडली, तेव्हा अध्यक्षांनी आपले निर्णायक मत विरोधात देऊन प्रस्ताव फेटाळला. पुढच्याच महिन्यात त्यांना पदावरून दूर करण्यात आले, आणि स्कॉटिश शासनाने तो अर्ज स्वतःच्या निर्णयासाठी मागवून घेतला. 2008 च्या सार्वजनिक चौकशीत, म्हणजे दोन्ही बाजूंचे साक्षीपुरावे उघडपणे ऐकणाऱ्या अर्धन्यायिक प्रक्रियेत, शासनाच्याच निसर्गविषयक संस्थेने टेकड्यांची हानी होईल असा आक्षेप घेतला होता. तरीही आर्थिक लाभ त्या हानीपेक्षा वजनदार ठरवून नोव्हेंबर 2008 मध्ये परवानगी देण्यात आली.

स्थानिक मत एकमुखी नव्हते, हे नोंदवणे आवश्यक आहे. उद्योजकांचा आणि बऱ्याच लोकप्रतिनिधींचा योजनेला पाठिंबा होता. विरोधाची धार वाढली ती प्रकल्पाच्या आड येणारी काही घरे सक्तीच्या भूसंपादनाने मिळवण्याचा विचार पुढे आल्यावर. एका शेतकऱ्याने आपली जमीन ट्रम्प यांना विकण्यास ठाम नकार दिला होता. त्याच्या जमिनीचा एक तुकडा ‘ट्रिपिंग अप ट्रम्प’ या गटाने घेऊन अनेकांना त्याचे सहमालक करून टाकले, जेणेकरून संपादन करायचेच झाले तर प्रत्येकाला वेगळी नोटीस बजावावी लागेल. सातबाऱ्यावरील अनेक नावांमुळे व्यवहार कसे रखडतात, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या युक्तीची ताकद सांगायला नको. 2011 मध्ये भूसंपादनाचा विचार सोडून देण्यात आला. घरे वाचली, टेकड्या वाचल्या नाहीत.

पहिले मैदान जुलै 2012 मध्ये खुले झाले. नंतर समोरच्या समुद्रातील नियोजित पवनचक्क्यांमुळे मैदानावरून दिसणारे दृश्य बिघडेल, अशी तक्रार घेऊन ट्रम्प यांची कंपनी न्यायालयात गेली आणि डिसेंबर 2015 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात हरली. वाळूचे निसर्गरूप बदलून बसलेल्या पक्षाने देखाव्याच्या रक्षणासाठी झगडावे, यातला विनोद शेजाऱ्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिला नसेल.

मेनीचा अनुभव अगदीच वाया गेला असे नाही. स्कॉटलंडमधल्याच डॉर्नोकजवळच्या कूल लिंक्स येथील अशाच प्रस्तावाला स्थानिक परिषदेने 2018 मध्ये संमती दिली, तेव्हा शासनाने चौकशी करून फेब्रुवारी 2020 मध्ये परवानगी नाकारली. अर्थात तेथील काही रहिवाशांनीच ती योजना पुढे नव्या रूपात पुन्हा मांडली. भारतातही सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांना सर्वाधिक संरक्षण असलेल्या ‘1-अ’ वर्गात घातले आहे. फोव्हेरनलाही असे कागदोपत्री संरक्षण होतेच.

ते संरक्षण डिसेंबर 2020 मध्ये संपले: मैदानाने व्यापलेल्या भागात जपण्याजोगे शास्त्रीय वैशिष्ट्य उरले नाही, असे कारण देऊन तेथील निसर्गसंस्थेने तो भाग यादीतून वगळला. दुसरे मैदान जुलै 2025 मध्ये उघडले. 450 खोल्यांचे हॉटेल मात्र तोवरही उभे राहिले नव्हते.