हंसणारे प्रेक्षक आणि जॉन केज

१९६० सालीं अमेरिकेंतील ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांत संगीतकार जॉन केज यांनीं ‘वॉटर वॉक’ ही रचना सादर केली. न्हाणीचा टब, बर्फाचे खडे, झारी, गुलाबांची फुलदाणी, रबरी बदक, पांच रेडिओ आणि पियानो अशी त्यांची वाद्यसामग्री होती. लोक हंसतील, अशी सूचना सूत्रधारानें आधींच दिली. तेव्हां आंसवांपेक्षां हास्य बरें, अशा आशयाचें उत्तर केज यांनीं दिलें.

प्रेक्षक खरोखरच खदखदून हंसले. रेडिओ विजेला कोणीं जोडावेत, या कामगारसंघांतील वादामुळें ते मुकेच राहिले होते. म्हणून केज त्यांवर थापा मारीत व पुढें त्यांना मेजावरून ढकलून देत. तथापि हा विदूषकी चाळा नव्हता. प्रत्येक ध्वनीची वेळ आधींच आंखलेली होती व हातांतील स्टॉपवॉचकडे पाहूनच ते हालचाल करीत.

मग हंसूं कां आलें? घरांत रोज कानावर पडणारा आवाज संगीताच्या आसनावर बसला, कीं अपेक्षा मोडते आणि हास्य फुटतें. परंतु हंसण्यापूर्वीं तो आवाज ऐकावा लागतो! मन शांत करणें हें संगीताचें प्रयोजन, असें केज यांनीं १९४६ च्या सुमारास अहमदाबादच्या गीता साराभाई यांच्याकडून जाणून घेतलें होतें. शांत मनाला कोणताही ध्वनि हलका नसतो. टिंगलीनें कान मिटतात. मोकळ्या हास्यानें ते उघडे राहतात. नवी कला ऐकतांना श्रोत्यानें जपावा असा भेद तो हाच.