फळ्यावरचे पत्र

आठवीत असताना मी परदेशातील एका अनोळखी बाईंना वर्षातून दोनदा पत्र लिहीत असे. नगर जिल्ह्यातील एका मिशन बोर्डिंगात मी शिकत होतो. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. बोर्डिंग नसते तर माझ्याही हाती कोयताच आला असता. पत्राचा मजकूर फळ्यावर लिहिलेला असे: मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो, तुमचे फार आभार. घरी आम्ही बौद्ध. इथे रोज सकाळी उपासना. एकदा मी आईच्या पायावर कोयता लागल्याचे लिहिले. गुरुजींनी कागद परत केला. म्हणाले, "असले लिहू नकोस, बाईंना वाईट वाटेल."

मी कृतघ्न नाही. त्या बाईंच्या पैशावर मी शिकलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो आणि आज महाविद्यालयात शिकवतो. म्हणूनच या व्यवस्थेकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे मला माझे काम वाटते.

ही व्यवस्था चालते कशी? दात्याला एका मुलाचे छायाचित्र व माहिती मिळते. तो दरमहा ठराविक रक्कम संस्थेला देतो. ती रक्कम मुलाच्या हाती येत नाही. स्थानिक चर्च वा शाळेमार्फत फी, पुस्तके, कपडे, औषधे आणि धर्मशिक्षण यांवर खर्च होते. मोबदल्यात दात्याला पत्रे व प्रगतीचा अहवाल जातो. कोरियन युद्धातील अनाथ मुलांसाठी वर्ल्ड व्हिजनने १९५३ साली ही पद्धत वापरायला सुरुवात केली, आणि पुढे ती जगभर पसरली.

दूरच्या दात्याच्या पैशावर शिक्षण ही गोष्ट महाराष्ट्राला मात्र त्याआधीपासून ठाऊक होती. पंडिता रमाबाईंच्या कार्यासाठी १८८७ साली बॉस्टनमध्ये मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदतीची हमी घेतली. त्यातून १८८९ साली शारदा सदन उभे राहिले. तेथे धर्माचा आग्रह असणार नाही असे ठरले होते. तरी मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ साली पुण्यात वादळ उठले व सल्लागार मंडळी बाहेर पडली. पुढे दुष्काळात निराधार झालेल्या मुलींसाठी केडगावला 'मुक्ती' उभी राहिली, ती उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. वादळ उठवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या मुलींसाठी आपल्या घराचे दार उघडले, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. गावच्या शाळेने ज्यांना व्हरांड्यात बसवले, त्यांना मिशनने बाकावर बसवले, हेही विसरून चालणार नाही.

या मदतीचा उपयोग होतो का? होतो. कम्पॅशन इंटरनॅशनल या संस्थेच्या योजनेचा भारतासह सहा देशांतील अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मदत मिळालेली मुले सुमारे एक ते दीड वर्ष अधिक शिकली, असे त्यात आढळले. पण परदेशी निधीवरील सरकारी निर्बंधांमुळे त्याच संस्थेला मार्च २०१७ मध्ये भारतातील काम बंद करावे लागले. सुमारे १ लाख ४५ हजार मुलांची मदत थांबली. सरकार आणि संस्था यांच्या भांडणात मुलाला बोलण्याची जागाच नव्हती, कारण त्याला मिळत होते ते दान होते. दान थांबले तर दाद कुणाकडे मागायची?

दुसरी कोंडी राज्याने केलेली आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध यांना स्थान मिळाले. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेर आहे. माझ्या शेजारच्या खाटेवरचा मित्र मातंग घरातला, पण ख्रिस्ती. आमची वस्ती एक, जात विचारणारे लोकही तेच. पुढे शिष्यवृत्ती मला मिळाली, त्याला नाही.

मग करायचे काय? मिशनची मदत नाकारा असे मी म्हणणार नाही. उपाशी मुलाला तत्त्व शिकवण्याचा अधिकार कुणालाच नाही. परंतु २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४५ मध्ये प्रायोजकत्वाची तरतूद आहे. 'मिशन वात्सल्य' योजनेतून पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करता येतो. आपल्या वस्त्यांत हे किती जणांना माहीत आहे? कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन हे अर्ज भरून घ्यावेत, नाकारले तर कारण लेखी मागावे. त्या अर्जात आईच्या पायाची जखम लिहिता येते. ती पाहून कुणाला वाईट वाटेल म्हणून लपवावी लागत नाही, आणि शेवटी आभारही मानावे लागत नाहीत.