सिमेंटच्या गोणीतील राख : गवंडी, ठेकेदार आणि दुकानदारांनी काय जाणावे?

बारामती-भिगवण रस्त्यावरील एमआयडीसीत शेड उभी राहो की इंदापूरच्या पेठेत दुमजली दुकान, ठेकेदाराच्या वहीतील मोठे आकडे दोनच असतात, लोखंडाचा आणि सिमेंटचा. सिमेंटवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा थोडा दिलासा मिळाला. तरी "सिमेंट वाचवता येईल का?" हा प्रश्न साईटवर रोज निघतो. आणि या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या दाराशीच पडलेले दिसते. ते म्हणजे राख.

बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि नीरा-भीमा असे साखर कारखाने आहेत. उसाच्या वजनाच्या शेकडा २८ ते ३० भाग बगॅस निघतो आणि तो बॉयलरमध्ये जळतो. दहा लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचा हिशेब मांडला तर बगॅस पावणेतीन ते तीन लाख टन होतो. तो सगळा जाळला आणि त्याची राख शेकडा दोन-तीन भाग धरली, तर साडेपाच ते नऊ हजार टन राख होते. दुसरीकडे सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथे ६६० मेगावॉटचे दोन संच २०१७ आणि २०१९ मध्ये सुरू झाले. तेथील कोळशाची राख, म्हणजे फ्लाय-अॅश, पुणे-सोलापूर महामार्गाने आपल्याकडे येऊ शकते.

राख दोन्हीकडे आहे, पण दोन्ही राखा सारख्या नाहीत. हा फरक न ओळखता काम केले तर वाचलेल्या चार गोण्यांच्या बदल्यात स्लॅब आणि नाव दोन्ही जातात. म्हणून हा लेख.

राखेने बळ कसे येते?

सिमेंटमध्ये पाणी पडले की ते घट्ट होऊ लागते आणि त्याच वेळी त्यातून चुना सुटतो. हा मोकळा चुना काँक्रीटच्या बळात फारशी भर घालत नाही. उलट पाण्याबरोबर झिरपून भिंतीवर पांढरा लोणा आणतो. चांगल्या राखेत बारीक सिलिका असते. ती या चुन्याला धरते आणि सिमेंटसारखाच चिकट पदार्थ तयार करते. छिद्रे भरतात आणि पाणी झिरपणे कमी होते. मात्र हे काम सावकाश चालते. राखेचे काँक्रीट पहिल्या आठवड्यात मागे असते आणि महिन्या-दोन महिन्यांत बरोबरीला येते.

ही विद्या आपल्या जुन्या कारागिरांना नवीन नव्हती. चुन्याच्या घाणीत विटांचा चुरा, म्हणजे सुरखी, घालून बैल फिरवले जात, त्यामागे हेच तत्त्व होते. भाजलेल्या मातीतील सिलिका आणि चुना यांचा तो मिलाफ होता. आज तीच गोष्ट नव्या रूपात परत आली आहे. भाजलेली माती आणि चुनखडी मिसळलेल्या सिमेंटला भारतीय मानक संस्थेने २०२३ मध्ये आय.एस. १८१८९ हे स्वतंत्र मानक दिले.

मोठ्या कामांतही राखेचा अनुभव आहे. अकोले तालुक्यातील घाटघर प्रकल्पाची रोलर काँक्रीटची धरणे बांधताना सिमेंटपेक्षा फ्लाय-अॅशचे प्रमाण जास्त ठेवले होते. पण तेथे प्रयोगशाळा होती आणि प्रत्येक थराची तपासणी होत होती. आपल्या साईटवर घमेले आणि फावडे असते.

आधी गोणी वाचा

सर्वांत मोठी चूक येथेच होते. दुकानात मिळणाऱ्या गोणीवर पी.पी.सी. लिहिलेले असेल, तर त्या सिमेंटमध्ये कारखान्यातच राख दळून घातलेली असते. आय.एस. १४८९ या मानकाप्रमाणे हे प्रमाण १५ ते ३५ टक्के असू शकते. म्हणजे ५० किलोच्या गोणीत साडेसात ते साडेसतरा किलो राख आधीच आहे. ती कारखान्यात तपासून, बारीक करून आणि बळ मोजून घातलेली असते, म्हणून ते सिमेंट उत्तम असते.

आता समजा, गोणीत ३० टक्के राख आहे आणि मिस्त्रीने "राख घातली तर चालते" असे ऐकून आणखी २० टक्के सिमेंटच्या जागी राख घातली. ५० किलो मालात राख सोडून उरलेला भाग फक्त २८ किलो राहिला. राख ४४ टक्क्यांवर गेली, म्हणजे मानकाच्या कमाल मर्यादेच्याही पुढे. वरून गिलावा गुळगुळीत दिसेल, पण आतले बळ गेलेले असेल.

म्हणून पहिला नियम असा की, पी.पी.सी. किंवा स्लॅग सिमेंटमध्ये साईटवर एक चमचाही राख घालू नये. राख मिसळायचीच असेल तर ती ओ.पी.सी. सिमेंटमध्ये, इंजिनिअरने ठरवलेल्या प्रमाणात, वजनाने आणि मिक्सर मशीनमध्येच मिसळावी. २० टक्के ठरले तर ४० किलो ओ.पी.सी.ला १० किलो राख. राख सिमेंटपेक्षा हलकी असते, त्यामुळे घमेल्याचे माप येथे फसवते. छोट्या घरकामाला तर सरळ पी.पी.सी. घेणे हाच शहाणपणा आहे. राखेची बचत तुम्हाला गोणीतच मिळालेली असते.

कोळशाची राख आणि बगॅसची राख

सिमेंटसाठी चालणाऱ्या फ्लाय-अॅशचे मानक आय.एस. ३८१२ आहे. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर शेकडा ३४ पेक्षा जास्त भाग राहू नये. तिच्या मिश्रणाचे २८ दिवसांचे बळ नुसत्या सिमेंटच्या मिश्रणाच्या किमान ८० टक्के असावे. पुरवठादाराकडे या कसोट्यांचा दाखला मागणे हा तुमचा हक्क आहे.

बगॅसच्या राखेतही सिलिका भरपूर असते. चाळलेली, दळलेली आणि नीट जळालेली राख १० ते २० टक्क्यांपर्यंत वापरून प्रयोगशाळांत चांगले निकाल आले आहेत. पण कारखान्याच्या आवारातील ढीग म्हणजे प्रयोगशाळेतील राख नव्हे. काळी राख म्हणजे न जळालेला कोळसा. तो पाणी पितो आणि बळ कमी करतो. त्यात पोटॅशसारखे क्षार असतात, माती असते, आणि बॉयलर बदलला की राखही बदलते. आय.एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत फ्लाय-अॅश, सिलिका फ्यूम, भाताच्या तुसाची राख, मेटाकेओलिन आणि स्लॅग यांची नावे आहेत. बगॅसच्या राखेचे नाव त्यात नाही. तेव्हा कॉलम, बीम आणि स्लॅबमध्ये ढिगावरची राख घालणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे होय.

पाणी मारण्यात कसूर नको

राखेचे सिमेंट वापरणाऱ्याने एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी : बचत सिमेंटमध्ये करा, पाण्यात नको. आय.एस. ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखेच्या सिमेंटला किमान १० दिवस ओलावा लागतो. कोरड्या, उष्ण हवेत हेच आकडे १० आणि १४ होतात. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडची हवा कशी असते, हे सांगायला नको. जिरायत पट्ट्यात टँकर विकत घ्यावा लागतो, म्हणून पाण्याचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे, कॉलमला ओली पोती गुंडाळावीत. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि त्यावरच्या स्लॅबचे १४ दिवसांनी काढावेत, हा नियम साध्या सिमेंटचा आहे. राखेच्या सिमेंटला इंजिनिअरला विचारून जास्त दिवस द्यावेत. सेंट्रिंगचे भाडे वाचवण्याची घाई येथे महागात पडते.

धंदा कोठे आहे?

राखेतला खरा रोजगार साईटवर चोरून मिसळण्यात नाही, तर माल बनवण्यात आहे. फ्लाय-अॅशच्या विटा, ब्लॉक आणि पेव्हर यांना मागणी आहे. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतील मोठ्या बांधकामांवर राखेचा माल वापरण्याचे बंधन घातले आहे. अट एवढीच की, त्याचा भाव पर्यायी मालापेक्षा जास्त नसावा. बारामती आणि इंदापूर दोन्ही या कक्षेत येतात. बगॅसची राख मातीच्या विटांत, भरावात आणि तपासणी करून बिनभाराच्या ब्लॉकमध्ये वापरता येते. यंत्र घेण्यापूर्वी मात्र राखेचा वर्षभराचा पुरवठा लेखी ठरवून घ्यावा. साखर कारखाना हंगामात चालतो, पण कर्जाचा हप्ता बारा महिने असतो.

माल विकण्यापूर्वी घन तपासून घ्यावेत. काँक्रीटसाठी १५ सेंटिमीटरचे तीन घन ७ दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी दाबून पाहतात. एम-२० काँक्रीटकडून २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन बळाची अपेक्षा असते. तो कागद ग्राहकाच्या हाती द्यावा.

शेवटी मुद्दा इमानाचा आहे. राख घालणे ही भेसळ नव्हे, लपवून घालणे ही भेसळ आहे. ग्राहकाला सांगून, मोजून आणि तपासून घातली तर तोच कारागिराचा हुन्नर ठरतो. गिलाव्याखाली काय आहे हे घरमालकाला दिसत नाही. ते फक्त मिस्त्रीला ठाऊक असते, आणि म्हणूनच लोक मिस्त्रीचे नाव विचारून काम देतात.