गाडीतली दुसरी बॅटरी : कशासाठी आणि कशी जोडायची

बेळगावकरांना जीपची हौस जुनीच. आता जुन्या जीपच्या जागी थार, जिम्नी, स्कॉर्पिओ आल्या आणि शनिवार-रविवारी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, आंबोली अशा वाटांना लागणारी कुटुंबे आपल्या मंडळातही बरीच झाली. सोबत सामानही वाढले. डिकीत छोटा फ्रिज, झोपायच्या जागी दिवा, चार-पाच मोबाइल, एखादा पंखा. फ्रिजमध्ये फक्त ताक आणि कोकम सरबत असेल तर प्रश्न नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचे इन्सुलिन त्यात असेल, तर रात्रभर तो चालू राहणे ही चैन नसते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि ते गोठले तरीही वाया जाते.

हे सगळे गाडीच्या एकाच बॅटरीवर चालवले, तर सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसते 'टक्' ऐकू येण्याची शक्यता असते. आजच्या अनेक गाड्या, त्यातही ऑटोमॅटिक, धक्का मारून चालू होत नाहीत, आणि घाटात मोबाइलला रेंज असेलच असे नाही.

मूळ अडचण बॅटरीच्या जातीत आहे. गाडीची बॅटरी सेल्फसाठी बनवलेली असते. तिच्या आतल्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त, म्हणजे दोन-तीन सेकंद खूप करंट द्यायचा आणि लगेच डायनॅमोकडून भरून घ्यायचा. तिला रात्रभर हळूहळू रिकामी केली की ती लवकर मरते. पूर्ण भरलेली, थोडा वेळ निवांत राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती अर्धी उतरलेली असते. उपकरणांसाठी जाड प्लेटांची 'डीप सायकल' बॅटरी वेगळी मिळते. तीसुद्धा निम्म्याहून जास्त उतरू न देणे बरे.

किती मोठी घ्यायची, हे दुकानदाराला विचारण्याआधी घरी कागदावर मांडावे. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज चालू असताना साधारण ४ ॲम्पिअर घेतो, पण तो सतत चालत नाही, मध्ये मध्ये थांबतो. आपल्या हवेत सरासरी २ ॲम्पिअर धरले तर १२ तासांत २४ ॲम्पिअर-तास. १० वॉटचा एलईडी दिवा चार तास म्हणजे साडेतीनच्या आत. चार मोबाइलचे पाच धरा. बेरीज ३२-३३ होते. निम्मीच वापरायची, म्हणून ६५ एएच कमीत कमी, आणि बॅटरी जुनी होत जाते म्हणून ८० ते १०० एएच घ्यावी. झोपेत श्वासासाठी यंत्र लावणारे कोणी सोबत असेल तर त्या यंत्रावरचा आकडा बघून हिशेब पुन्हा मांडावा.

आता जोडणी. दोन बॅटऱ्या नुसत्या वायरने एकमेकींना जोडल्या तर त्या एकत्रच उतरतील आणि मग दुसरी घेऊन उपयोग काय? मध्ये दार हवे. ते इंजिन चालू असताना उघडे आणि बंद असताना बंद राहिले पाहिजे. सर्वांत साधे दार म्हणजे इग्निशनवर चालणारा जाड रिले. त्याहून सोयीचा, व्होल्टेज बघून चालणारा रिले. इंजिन सुरू होऊन पहिल्या बॅटरीवरचे व्होल्टेज साधारण १३.३ वर गेले की तो दोघींना जोडतो, आणि इंजिन बंद होऊन ते १२.८ च्या खाली आले की तोडतो. म्हणजे सेल्फची बॅटरी आधी भरते, मग दुसरी.

मात्र नव्या गाडीवाल्यांनी इथे जरा थांबावे. अनेक बीएस-६ गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणक डायनॅमोचे व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. तेव्हा हा रिले मधूनच तोडतो आणि तीन तासांच्या प्रवासानंतरही दुसरी बॅटरी अर्धीच राहते. अशा गाडीत डीसी-डीसी चार्जर लावावा. आत येणारे व्होल्टेज कमी-जास्त झाले तरी तो बॅटरीला हवे तेच देतो. दुसरी बॅटरी लिथियमची असेल तर तो लागतोच असे धरून चालावे. महाग आहे, पण माझ्या मते नव्या गाडीत इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

सर्वांत जास्त कंजुषी होते ती केबलमध्ये. बोनेटपासून डिकीपर्यंत ५ मीटर केबल आणि ४० ॲम्पिअर करंट धरू. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये वाटेत सुमारे ०.२३ व्होल्ट गळतात. ६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.६ च्या वर. डायनॅमो १४ व्होल्ट देत असेल तर दुसऱ्या टोकाला १३.४ सुद्धा पोचत नाहीत आणि बॅटरी पूर्ण भरायला फार वेळ लागतो. घरच्या वायरिंगची अडीचची वायर उरली आहे म्हणून ती वापरू नये. ती तापेल, वितळेल आणि पुढचे सांगायला नको.

आगीचा विषय निघालाच आहे, तर फ्यूज. या एका केबलला दोन फ्यूज लागतात, दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हपाशी एकेक, जमेल तितके टर्मिनलजवळ. कारण करंट दोन्ही टोकांकडून येऊ शकतो. केबल मध्येच कुठे पत्र्याला घासून उघडी पडली आणि फ्यूज एकाच बाजूला असला, तर दुसरी बॅटरी त्या ठिकाणी वेल्डिंग करत बसेल. फ्यूज उपकरणाचा नव्हे, वायरचा राखणदार असतो. म्हणून त्याचा आकडा वायरच्या क्षमतेपेक्षा कमी हवा. १६ च्या केबलला ८० ॲम्पिअरचा पुरेसा आहे. पत्र्याच्या भोकातून केबल नेताना रबरी ग्रोमेट, वर नळी, आणि सायलेन्सरपासून लांब. थिंबल पक्कडीने चेपू नयेत. उद्यमबागेत हायड्रॉलिक प्रेस असलेली माणसे हाताशी असताना ते काम त्यांच्याकडून करून घ्यावे.

निगेटिव्ह चेसिसला जोडताना तिथला रंग खरवडून चकचकीत धातूवर बोल्ट बसवावा, आणि ही वायरही पॉझिटिव्हइतकीच जाड हवी. नव्या गाड्यांत मूळ बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. तिथे काहीही थेट जोडू नये, नाहीतर संगणकाचा हिशेब चुकतो.

जागेचे थोडक्यात. साधी पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती माणसे बसतात तिथे नको. लिथियमची बोनेटखालच्या उष्णतेत नको. कुठेही ठेवली तरी लोखंडी पट्टीने घट्ट आवळावी. खाचखळग्यात २५ किलोची बॅटरी सुटली तर काय होईल, याची कल्पना करावी. विंच असेल तर तो मूळ बॅटरीवरच, इंजिन चालू ठेवून वापरावा. पूर्ण जोरावर तो ३०० ते ४०० ॲम्पिअर ओढतो, ते या जोडणीचे काम नव्हे.

काम सुरू करताना आधी निगेटिव्ह काढावा आणि शेवटी निगेटिव्हच लावावा. असे केले की पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. झाल्यावर मल्टिमीटर लावून बघावे : इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांवर जवळपास सारखे व्होल्टेज, बंद केल्यावर काही मिनिटांनी वेगवेगळे. डीसी-डीसी चार्जर असेल तर दुसरीवर त्याने ठरवलेले. फ्रिजवर कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोय असते, ती चालू ठेवावी आणि इन्सुलिन असेल तर तापमान ४-५ अंशांवर. विमा कंपनीला या बदलाची लेखी कल्पना द्यावी, आणि गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमला आधी विचारावे.

बोनेटच्या आतल्या बाजूला मराठीत आणि कन्नडमध्ये एक चिठ्ठी मात्र जरूर चिकटवा : 'या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत', आणि दुसरी कुठे ठेवली आहे तेही. पुढची एकच बॅटरी काढली तरी मागून येणाऱ्या केबलमध्ये करंट असतोच, आणि गॅरेजमधल्या पोराला ते कुठून माहीत असणार?