कालवांचा माग

मेजवानी जेवून आलेला माणूस पंधरा दिवसांनी तापाने अंथरूण धरतो, तेव्हा दोष त्या ताटाला द्यावा हे तुमच्या मनात येईल का? विषमज्वराची खोडच अशी. जंतू पोटात शिरला तरी आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ माणूस खुशाल हिंडत असतो.

नोव्हेंबर १९०२ मध्ये दक्षिण इंग्लंडात विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन गावी महापौरांच्या मेजवान्या झाल्या. पुढे दोन्हीकडचे पाहुणे आजारी पडले; विंचेस्टरच्या कॅथीड्रलचे डीन तर डिसेंबरात वारलेच. आता बघा, गावं वेगळी, आचारी वेगळे. मग दोन्ही ताटांत सारखं काय होतं? कच्ची कालवं! आपल्या कोकणातही कालवं असतात. तिथे ती शिजवून खातात, एवढंच. ही कालवं आली होती एम्सवर्थ या लहानशा बंदरातून.

हा माग लागला, कारण १८९९ पासून इंग्लंडात सर्वत्र कायदाच होता: विषमज्वर, देवी, घटसर्प असा रोगी दिसला की डॉक्टरने आरोग्याधिकाऱ्याला लेखी कळवायचं. खासगी रोग्यामागे डॉक्टरला अडीच शिलिंग मिळत. अशा कागदांवरून कोण, कुठे, केव्हा आजारी पडलं हे एका टेबलावर दिसू लागतं. मात्र नुसतं आजाऱ्यांना विचारून भागत नाही. जे धडधाकट राहिले त्यांनी काय खाल्लं, हेही विचारावं लागतं. खरी मेख तिथेच असते.

सरकारतर्फे डॉक्टर बुलस्ट्रोड यांनी चौकशी केली. एम्सवर्थचं सांडपाणी कालवांच्या जागेजवळच समुद्रात सुटत होतं. कालव पाणी गाळून जगतं; दिवसाकाठी कित्येक लीटर पाणी त्याच्या अंगातून जातं आणि त्यातले जंतू आत साचतात.

विक्री थांबली, आणि कालवांवर पोट असलेलं ते गाव बसलं. रोग कालवांत सापडला म्हणून कोळी आणि व्यापारी बुडाले. पण घाण सोडली होती कुणी? गटारं नगर-संस्थेची होती! तिथल्या एका व्यापाऱ्याने तिच्यावर फिर्याद केली. १९०६ साली अपील कोर्टाने निकाल दिला, तो त्याच्या बाजूने.