वहीत नसलेली माणसे

दसरा उलटला की मुखेड, कंधार, जळकोटकडच्या वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपे दिसू लागतात. मुकादमाचा ट्रक येतो. भांडीकुंडी, अंथरुणे, पोरेबाळे त्यावर चढतात आणि पाच-सहा महिन्यांसाठी गाव सुटते. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात. मागे उरतात म्हातारी माणसे. त्याच सुमारास लातूरकडे मांजराकाठच्या कारखान्यांचे बॉयलर पेटण्याच्या तयारीत असतात. मराठवाड्यात एका तालुक्यात ऊस उभा राहतो आणि दुसऱ्या तालुक्यातून ऊस तोडणारे हात निघतात.

या साखरेचा प्रवास आपल्या चहाच्या कपापाशी संपत नाही. जगातल्या बड्या शीतपेय कंपन्याही महाराष्ट्रातली साखर घेतात. तिकडचे गिऱ्हाईक आता विचारते, ‘या वस्तूमागे कोणाची पिळवणूक तर झालेली नाही ना?’ म्हणून कंपन्या माल पुरवणाऱ्यांकडे तपासनीस धाडतात. पैशांचे ऑडिट असते, तसेच हे माणसांच्या वागणुकीचे, ‘सोशल ऑडिट’. मुले कामाला जुंपली आहेत का, मजुरी पुरी मिळते का, कामाचे तास किती, हे त्यात पाहायचे. त्यासाठी १९९७ साली ‘एसए ८०००’ हे मानक आले. उसासाठी ‘बोनसुक्रो’ नावाचे प्रमाणपत्र आहे.

माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे तपासणी या शब्दाशी जुनी ओळख आहे. साखर तारण ठेवून कारखान्याला कर्ज दिले, की गोदामाला बँकेचे कुलूप लागते. अधिकाऱ्याने जाऊन थप्प्या मोजायच्या, रजिस्टरशी ताळा घालायचा. नुसते रजिस्टर पाहून परतायचे नाही, कारण थप्पी बाहेरून भरीव दिसते आणि आतून पोकळ असू शकते. कागद आणि जमिनीवरची वस्तू यांची गाठ घालून देणे, हेच तपासणीचे सार.

ऊसतोडीत ही गाठच पडत नाही. कारखान्याचा करार बहुधा वाहतूक ठेकेदाराशी असतो, ठेकेदाराचा मुकादमाशी. मुकादम मजुराला उचल देतो आणि ती कामातून फिटते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब टनांवर. बाई पहाटेपासून मोळ्या वाहते, पण हजेरीपटावर किंवा पगारपत्रकावर तिचे नाव नसते. कारखान्यात आलेला तपासनीस तिथल्या कामगारांची हेल्मेटे मोजतो, रजिस्टर पाहतो, जेवतो आणि जातो. शिवारातल्या कोपीत कोण राहते, हे त्याच्या कागदावर उमटत नाही. उचल फिटली नाही तर माणूस पुढच्या हंगामालाही बांधला जातो. वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्यानेच बंद झाली आहे!

वहीत नाव नसल्याची किंमत काय, हे २०१९ साली बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा पडला की दंड. आडोसा नाही, पाणी नाही, पाळीत विश्रांती नाही. दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी खासगी दवाखाना गाठायचा.

मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ यांनी हा धागा कोका-कोला आणि पेप्सिको यांना साखर पुरवणाऱ्या कारखान्यांपर्यंत नेऊन भिडवला. कोका-कोलाच्याच सल्लागारांना २०१९ मध्ये ऊस तोडणारी मुले आणि उचल फेडणारे मजूर आढळले होते, असेही त्या वृत्तांतात होते. म्हणजे तपासणी झाली होती, दोष सापडला होता. बँकेत दोष नोंदवला म्हणून तपासणी संपत नाही. दुरुस्तीचा अहवाल येईपर्यंत मुद्दा उघडा राहतो. इथे तो उघडा कोणी ठेवला?

नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबले तर काय होते, ते कराचीने पाहिले आहे. तिथल्या एका कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये ‘एसए ८०००’ मिळाले. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार गेले.

‘मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत,’ असे कारखाने म्हणतात. ‘कारखाना आमचा नाही, तो पुरवठादार आहे,’ असे कंपन्या म्हणतात. आणि बोभाटा झाला म्हणून कंपनीने खरेदीच थांबवली, तर पहिली चूल विझते ती कोपीतली. म्हणून पाठ फिरवणे हा उपाय नव्हे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले, ओळखपत्रे देण्याचेही ठरले. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. हे चांगलेच झाले. पण ती वाढही कोयत्याच्या हिशेबात जाते, बाईच्या नावावर नाही.

सुरुवात साधी आहे. कोयत्याच्या जागी दोन नावे लिहा. उचलीचा हिशेब दोघांना द्या. बाईची मजुरी तिच्या खात्यात जमा करा. आणि तपासनिसाला कारखान्याच्या विश्रामगृहाऐवजी उसाच्या फडात उतरवा. गोदामातले एक पोते कमी भरले तर जाब विचारणारी व्यवस्था आपण केव्हाच उभी केली आहे. तेवढीच काटेकोर मोजणी माणसांची व्हावी, एवढेच मागणे आहे.